वीस लिटरात चारशे ग्रॅम काळं

दिवाळीला भाचा मँचेस्टरहून आला. ताईसाठी आणलेल्या स्वेटरात दोन बाटल्या गुंडाळलेल्या निघाल्या. लेबल नाही, कंपनीचं नाव नाही, टोपणावर मार्करने नुसता आकडा: १४. "मामा, घरात केलेली स्टाउट आहे, काळी बिअर. चौदावी खेप." ताईने कपाळावर हात मारला आणि स्वेटर तेवढा उचलून आत गेली.

रात्री बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या गच्चीवर एक बाटली उघडली. सोबतीला भडंग, आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीत माझ्याबरोबर तीस वर्षं काढलेला जोडीदार. ग्लासात पडलेलं बघून तो खुर्ची मागे सरकवून बसला. "काय गा हे, जळकं ऑइल? एवढी काळी म्हणजे अर्ध्या ग्लासात माणूस आडवा की."

भाच्याने मोबाइलची बॅटरी लावून ग्लासामागे धरली. काळं कुठल्या कुठे गेलं आणि कडेने डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल उजेड आला. "काका, ही सव्वाचार टक्के अल्कोहोलची आहे. तुमची शनिवारची स्ट्राँग आठ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे ही तुमच्या निम्मी."

जोडीदाराला ते पटलं नाही. मलाही लगेच पटलं नव्हतं. काळी म्हणजे कडक हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पुढचे आठ दिवस भाचा घरी होता, मी रोज खोदून खोदून विचारलं आणि त्याची वही वाचली. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

आधी कायद्याचं. हे वाचून कुणी परसात बादली भरायला घेऊ नये. कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. "घरच्यापुरती केली" ही सबब तिथे चालत नाही. निपाणी ओलांडून कागलच्या बाजूला गेलात तरी सुटका नाही, तिकडे १९४९ चा दारूबंदी कायदा बसलेला आहे. सीमाभागात दोन्ही सरकारांचं एकमत असलेली ही विरळाच गोष्ट. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरसाठी परवाना लागण्याची अट १९६३ साली गेली, म्हणून भाचा तिथे गॅरेजमध्ये बिनधास्त करतो. तेव्हा हा लेख समजून घेण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही. करून बघण्यासारखं एक शेवटी सांगतो, त्यात दारूचा थेंब नाही.

आता बिअर म्हणजे मुळात काय? धान्यातल्या पिठाची साखर करायची आणि ती साखर यीस्टला, म्हणजे आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीला, खायला घालायची; ते तिचं अल्कोहोल करतं. एवढंच. द्राक्षात, काजूच्या बोंडात, उसात साखर तयारच असते. धान्यात ती नसते. धान्यात असतं पीठ, म्हणजे स्टार्च, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही. म्हणून बिअरवाल्याची निम्मी मेहनत साखर काढण्यातच जाते.

त्याची पहिली पायरी आपल्या घराघरांत होते. नातवाला सत्त्व करायचं म्हणून माझी बायको नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवते, दळते. मोड आला की दाण्यात एन्झाइम तयार होतात. कोंबाला वाढायला साखर लागणार, ती पिठातून काढून द्यायचं काम त्यांचं. नेमक्या त्या वेळी दाणा वाळवला की कोंब थांबतो, पण एन्झाइम आत तसेच राहतात. जवाचं असंच केलं की झालं माल्ट. शब्द इंग्रजी असला तरी काम आपल्या आज्यांचं आहे. फरक इतकाच की भाचा ते घरी करत नाही, दुकानातून पोतं आणतो.

वीस लिटर स्टाउटला त्याचं माप ठरलेलं आहे: साधं फिकं माल्ट २ किलो ८०० ग्रॅम, जवाचे पोहे ८०० ग्रॅम, आणि काळं भाजलेलं जव ४०० ग्रॅम. एकूण चार किलो. पोहे हा माझा शब्द नाही बरं का, खरंच पोहेच असतात ते. दाणा वाफवून रुळाखाली चपटा केलेला. त्याने बिअरला अंग येतं आणि फेस टिकतो. आणि काळं बघा किती: चार किलोत चारशे ग्रॅम. दहात एक. बाकी नऊ हिश्श्यांचा रंग गव्हाच्या पिठासारखा.

हे धान्य जाडंभरडं दळून गरम पाण्यात तासभर ठेवतात, त्याला मॅश म्हणतात. इथे मला फाउंड्रीची आठवण झाली. आमच्याकडे लोखंड ओतायच्या वेळी तापमान जरा चुकलं की अख्खी हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेलं सगळं लोखंड, वाया. इथेही तेच, फक्त आकडे लहान. पाणी धान्यात ओतल्यावर मिश्रण ६५ ते ६६ अंशांवर बसलं पाहिजे. धान्य थंड असतं, ते पाण्याची ऊब ओढून घेतं, म्हणून पाणी आधी ७२ च्या आसपास तापवून घ्यायचं. ६६ च का, तर एन्झाइम दोन प्रकारचे आहेत. एक साठ ते पासष्टला खुशीत असतो आणि बारीक साखर करतो, जी यीस्ट सगळी फस्त करतं. दुसरा सत्तरीच्या जवळ रमतो आणि जाड साखर करतो, जी यीस्टला नीट खाता येत नाही, ती बिअरमध्येच राहते. खाली ठेवलं तर बिअर पाणचट, वर नेलं तर गोडसर आणि जड. आयरिश स्टाउट कोरडी हवी, गोड नको, पण अगदी पाण्यासारखीही नको. म्हणून मधला आकडा. आणि चुकून ८० ला गेलं की दोन्ही एन्झाइम कामातून गेले, मग हातात उरते जवाची पेज.

खरं वाटत नसेल तर चपातीचा कोरडा तुकडा तोंडात घेऊन गिळू नका, दोन मिनिटं चावत बसा. गोड लागायला लागतो. थुंकीतला एन्झाइम तेच काम करतोय.

तासाभराने गाळून जो गोड रस येतो त्याला वर्ट म्हणतात. वर्टचा गोडवा भाचा काचेच्या तरंगत्या नळीने मोजतो. डेअरीत दूध तपासायला बुडवतात ना, तसलीच नळी. साखर जास्त तर नळी वर तरंगते. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. चौदाव्या खेपेच्या पानावर त्याने लिहिलं होतं १.०४२. आंबून झाल्यावर लिहिलं होतं १.०१०. दोन्हींतला फरक घ्यायचा, १३१ ने गुणायचं, उत्तर ४.२. हीच टक्केवारी. जोडीदाराने हे गणित भडंगाच्या कागदावर स्वतः मांडून बघितलं, तेव्हा कुठे त्याची खुर्ची पुढे आली.

म्हणजे नशा किती हे साखरेवर ठरतं, रंगावर नाही. आणि काळ्या दाण्यात साखर होण्याजोगं फारसं उरलेलंच नसतं, ते भाजण्यातच गेलं. त्याच्यातले एन्झाइमही मेलेले. तो दाणा रंग, वास आणि कडवटपणा देतो आणि बाजूला होतो.

तरी पण सगळी चव त्याच्यातच आहे, म्हणून जरा इथे थांबू.

बेळगावच्या माणसाला भाजण्याची रसायनं शिकवायची गरज नाही, आपण कुंदा खाऊन मोठे झालो. दूध पांढरं, साखर पांढरी, मग कुंदा तपकिरी कसा? आटवत आटवत, परतत परतत दुधातली प्रथिनं आणि साखर एकमेकांना धरतात, त्यातून रंग आणि शेकडो वास तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार याने १९१२ साली ही क्रिया मांडली, तिला त्याचंच नाव आहे. चपातीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, सगळं त्याच घराण्यातलं. कुंदा करणारा कढई योग्य वेळी उतरवतो. पाच मिनिटं उशीर झाला की करपला.

स्टाउटचं जव कुंद्याच्या कितीतरी पुढे नेतात. सव्वादोनशे अंशांच्या आसपास, कोळसा व्हायच्या अगदी एक पाऊल अलीकडे. तिथे दाणा कॉफीसारखा वास सोडतो, कडू चॉकलेटची चव धरतो आणि किंचित आंबटही होतो. आणि गंमत म्हणजे हा दाणा बहुतेक वेळा मोड न आणताच भाजतात. मोड आणायचा तो एन्झाइमसाठी, आणि इथे एन्झाइम जाळायचेच आहेत, मग कष्ट कशाला?

पण पूर्वी बरीच वर्षं तसं करायला बंदी होती. ब्रिटनमध्ये सरकार माल्टवर कर घ्यायचं. माल्ट न केलेलं धान्य बिअरमध्ये घालणं म्हणजे करचुकवेगिरी. १८८० साली कर माल्टवरून उठवून तयार वर्टवर नेला, तेव्हा साधं धान्य घालायची वाट मोकळी झाली. स्टाउटच्या चवीत आचाऱ्याइतकाच हात करवसुली करणाऱ्यांचाही आहे म्हणा ना.

आणखी एक तारीख भाच्याने सांगितली, ती मला यंत्रातला माणूस म्हणून फार आवडली. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या माणसाने माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. त्याआधी लंडनची पोर्टर नावाची बिअर तपकिरी माल्टनेच करायची, ते लाकडाच्या जाळावर भाजायचे. धूर लागायचा, दाणे कमीजास्त जळायचे, आणि काळ्या रंगासाठी सगळंच माल्ट असं भाजलं की साखर कमी निघायची. व्हीलरच्या पिंपाने सगळे दाणे सारखे काळे होऊ लागले. मग हिशेब सोपा झाला: साखरेसाठी फिकं, रंगासाठी मूठभर काळं. आजचं चारशे ग्रॅमचं माप तिथून आलेलं आहे.

आता जोडीदाराची बाजू घेतो थोडी. स्टाउट या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळात दणकट, कडक. अठराव्या शतकात पोर्टरमधल्या जोरदार प्रकाराला स्टाउट पोर्टर म्हणायचे. पुढे पोर्टर मागे पडली, स्टाउट एवढंच नाव राहिलं, आणि आतला जोर हळूहळू कमी झाला. म्हणजे आमचा गडी चुकला नव्हता, अडीचशे वर्षं उशिरा आला होता.

आयर्लंडचं नाव या बिअरला चिकटलं ते आर्थर गिनेसमुळे. त्याने १७५९ साली डब्लिनमधल्या सेंट जेम्सेस गेट इथली बंद पडलेली जागा भाड्याने घेतली, वर्षाला ४५ पौंड, मुदत ९००० वर्षं. आमच्या गल्लीत अकरा महिन्यांच्या करारावर भांडणं होतात. याच कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा माणूस कामाला होता. थोड्याशा नमुन्यांवरून अख्ख्या मालाचा अंदाज कसा बांधायचा याचं गणित त्याने १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं. आमच्या क्वालिटी खात्यातली पोरं टी-टेस्ट टी-टेस्ट करायची ती ही. बिअरच्या कारखान्यातून आलेली आहे हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं, नाहीतर वर्गात लक्ष दिलं असतं.

पाण्याचं थोडक्यात. डब्लिनच्या लिफी नदीच्या पाण्याने गिनेसला चव येते अशी दंतकथा आहे. पाणी येतं विकलोच्या डोंगरांतून. खरी गोष्ट अशी की काळं धान्य आंबट असतं. पाण्यात क्षार असतील तर ते आंबटपणा खाऊन टाकतात आणि तोल राहतो. पाणी मऊ असेल तर तोल सांभाळावा लागतो, नाहीतर बिअर जिभेला खरखरीत, राखेसारखी लागते. आपल्याकडे धरणाच्या पाण्यात डाळ लवकर शिजते आणि बोअरच्या पाण्याने गिझरमध्ये पांढरा थर बसतो, तोच हा फरक. भाच्याचं मँचेस्टरचं पाणी मऊ आहे, तो चिमूटभर खायचा सोडा घालतो.

मग वर्ट तासभर खळखळून उकळायचा आणि सुरुवातीलाच हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, पाइनच्या फळासारखी दिसणारी फुलं. आपल्या देशात हिमाचलात लाहौलकडे होतात. त्यांचं कडू सत्त्व नुसतं भिजवून उतरत नाही, उकळावं लागतं. इंग्लिश जातीचे ५० ते ६० ग्रॅम वीस लिटरला पुरतात. वासासाठी शेवटी पुन्हा घालायची पद्धत दुसऱ्या बिअरना आहे. स्टाउटमध्ये नको, तिथे कॉफीचाच वास बोलू द्यावा, असं भाच्याचं मत. मला त्यातलं कळत नाही, पण आमटीत दोन मसाल्यांची भांडणं लावू नयेत हे कळतं.

उकळी उतरली की खरी धास्ती सुरू होते. तोवर सगळं उकळतंय, जंतूंची बिशाद नाही. गार झालेला वर्ट म्हणजे मात्र साखरेचं कोमट पाणी, जो जंतू आधी येईल त्याचं घर. म्हणून शक्य तितक्या लवकर गार करायचा, आणि त्यापुढे त्याला लागणारी प्रत्येक वस्तू, बादली, नळी, झाकण, डाव, निर्जंतुक द्रावणात बुडवून घ्यायची. भाच्याची दुसरी खेप एका प्लास्टिकच्या चमच्याने घालवली. चमचा धुतलेला होता, पण त्यावर चरे होते आणि चऱ्यांत काहीतरी दडून बसलेलं. वीस लिटर बिअर ताकाच्या चवीची झाली. आपण आंबोळीचं पीठ आंबवतो तेव्हा आंबट झालं तर कौतुक, इथे तेच गटारात.

यीस्ट टाकल्यावर १८ ते २० अंश. एवढं सांभाळलं की यीस्ट निमूट काम करतं, आठवड्यात साखर संपवतं, आणखी आठवडाभर तळाशी बसत जातं. गरम झालं की घाईने धावतं आणि नेलपॉलिशसारखा वास सोडतं. त्यातलं वजन बघितलं तर निम्मी साखर अल्कोहोल होते, निम्मी वायू होऊन नळीतून बुडबुडे काढत जाते. इथे जोडीदाराने विचारलं, "आणि ते नवसागर कधी घालता?" नाही घालत. हातभट्टीची गोष्ट वेगळी. तिथे आंबवलेलं पुन्हा तापवून वाफ धरतात, काय काय मिसळतात, आणि त्यातून माणसं मेल्याच्या बातम्या येतात. बिअरमध्ये वाफ धरायची पायरीच नाही. जे आंबलं तेच बाटलीत.

बाटलीत भरताना लिटरला चार-पाच ग्रॅम साखर घालतात, वीस लिटरला ८० ते १०० ग्रॅम. उरलेलं थोडं यीस्ट ती खातं, वायू बाहेर जायला जागा नाही, तो बिअरमध्ये मुरतो. हाच फेस. आणि हाच धोका. भाच्याची तिसरी खेप जानेवारीत होती. गॅरेज गारठलेलं, यीस्ट झोपी गेलं. नळीवर आकडा १.०२० वर अडकला. त्याला वाटलं, झालं. चाळीस बाटल्या भरून जिन्याखालच्या कपाटात लावल्या. मार्चमध्ये ऊन पडलं, कपाट उबदार झालं, यीस्ट उठलं आणि उरलेल्या साखरेवर तुटून पडलं. रात्री दोनला पहिली बाटली फुटली, तिच्या धक्क्याने दुसरी. "मामा, सुतळी बॉम्ब की अक्षरशः." सकाळी हेल्मेट, कामाचे हातमोजे आणि जाड कोट घालून त्याने उरलेल्यांची टोपणं एकेक करून उघडली. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलंय: तीन दिवस आकडा हलला नाही तरच भरायची.

पबमधल्या गिनेसवर सायीसारखा जाड फेस असतो, तो मात्र घरच्या बाटलीत येत नाही. ती नायट्रोजनची करामत. साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असा मिश्र वायू दाबाने सोडतात. नायट्रोजन बिअरमध्ये सहज विरघळत नाही, त्यामुळे बुडबुडे बारीक राहतात. १९५९ साली मायकेल ॲश या गिनेसच्या गणितज्ञाने ते जमवलं. आमच्या गच्चीवरच्या ग्लासात फेस तपकिरी होता, पण दोन मिनिटांत बोटभराचा नखभर झाला.

"पण लोह असतं म्हणे हिच्यात, डॉक्टर द्यायचे," जोडीदाराचा शेवटचा प्रयत्न. कंपनीने १९२९ पासून प्रकृतीला चांगली अशी जाहिरातच केली होती, समज तिथून पसरला. लोह नावापुरतं आहे. "लोखंड आपण तीस वर्षं ओतलं," मी म्हटलं, "ते काय कमी झालं?"

आता ते करून बघण्यासारखं. भाचा गेल्यावर मी खडेबाजारातून पाव किलो जव आणलं, पूजेच्या सामानात मिळतं ते. लोखंडी कढईत मूठभर टाकलं, मंद आच, हात थांबवायचा नाही. दहा मिनिटांनी बिस्किटाचा वास. पंधराव्या मिनिटाला शेंगदाण्याचा. विसाव्या मिनिटाला पहिला निळा धूर आणि कॉफी. पंचविसाव्याला उतरवलं. फोडून बघितलं तर काही दाणे आरपार काळे, काही वरून काळे आणि आतून फिके, दोन-तीन चक्क कोळसा. व्हीलरला फिरतं पिंप का सुचलं ते हाताला समजलं. दोन चमचे दाणे कुटून कपभर गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवले, गाळले. रंग थेट गच्चीवरच्या ग्लासासारखा. बॅटरी धरली तर तोच लाल उजेड. चव कॉफीची, मागून थोडी आंबट. साखर टाकून बायकोलाही दिलं.

शेजारच्या काकू धुराच्या वासाने कंपाउंडपाशी आल्या. "वहिनी, कॉफी घरात भाजायला लागला काय?" बायकोने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही हो, ह्यांची फाउंड्री परत सुरू झालीय."